अंधाराची राखण

सिडनीच्या वायव्येला साधारण साडेचारशे किलोमीटरवर कूनाबाराब्रन आहे. डबोच्या बाजूने येणाऱ्याला मात्र गावाआधी ग्रह भेटतात. माळरानातल्या सरळ रस्त्यावर नेपच्यून लागतो, मग बऱ्याच वेळाने युरेनस. सूर्यमालेची ही प्रतिकृती ३ कोटी ८० लाख पटींनी लहान केलेली आहे. तिच्यातला सूर्य म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेचा ३७ मीटर रुंदीचा घुमट. तिथून नेपच्यून जवळपास ११८ किलोमीटरवर, तर पृथ्वी चार किलोमीटरवर! पुस्तकात एका ओळीत गुण्यागोविंदाने बसलेले ग्रह इथे प्रवाशाला अंतराचा खरा अर्थ शिकवतात.

गाव लहान, जेमतेम अडीच-तीन हजार वस्तीचं. मेंढ्या, गहू आणि कासलरे नदी.

पश्चिमेला वॉरमबंगलचे डोंगर उठतात आणि सह्याद्रीत भटकलेला माणूस थबकतो. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा पातळ लाव्हा दूरवर पसरत गेला, थरावर थर चढले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्यांचे. इथला ज्वालामुखी बराच तरुण. १ कोटी ८० लाख ते १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी धगधगत होता. त्याचा काही लाव्हा इतका दाट होता, की तो फार वाहिलाच नाही. बाहेर पडला तिथेच थिजला. भोवतीची मऊ राख पावसापाण्याने वाहून गेली आणि उरले ते सुळके, घुमट आणि ब्रेडनाइफ. ही जवळपास ९० मीटर उंचीची, जेमतेम काही मीटर जाडीची दगडी भिंत. भेगेत शिरलेला लाव्हा तिथेच गोठून ती घडली. तिच्यावर चढायला बंदी आहे. ‘ग्रँड हाय टॉप्स’ची दिवसभराची, चौदा-पंधरा किलोमीटरची वाट तिच्या पायथ्याशी नेते आणि मान वर करायला लावते. चढ दमवणारा आहे, पण वर पोचल्यावर बेलोगरीचा सुळका आणि क्रेटर ब्लफ समोर उभे ठाकतात आणि पायांची कुरकुर थांबते.

रात्र पडली की खरी श्रीमंती उघडते. जून-जुलैच्या थंडीत, आपल्याकडे दक्षिणेला कललेला वृश्चिक इथे थेट डोक्यावर येतो. महाराष्ट्रात क्षितिजालगत जेमतेम दर्शन देणारा त्रिशंकू उंच चढतो. इथले मूळ रहिवासी असलेले गामिलराय लोक मात्र ताऱ्यांइतकेच आकाशगंगेतले काळे पट्टे वाचत आले आहेत. त्रिशंकूशेजारच्या काळ्या डागात त्यांना एमू पक्ष्याचं डोकं दिसतं, पुढे मान आणि धड. एप्रिल-मे महिन्यांत हा एमू धावतो, तेव्हा जमिनीवर एमूंचा विणीचा हंगाम असतो; पुढे तो अंड्यांवर बसलेला दिसतो. अंधारच वाचणारी ही नजर विलक्षण आहे.

तो अंधार आपोआप टिकलेला नाही. २०१६मध्ये वॉरमबंगल राष्ट्रीय उद्यान हे ऑस्ट्रेलियातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. वेधशाळेभोवतीच्या २०० किलोमीटरच्या परिसरात बांधकामांच्या दिव्यांसाठी मार्गदर्शक नियम आहेत: झाकलेले दिवे, उजेड खाली जमिनीकडे. ३.९ मीटर आरशाच्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीने १९७४पासून याच अंधारात काम केलं आणि एका सर्वेक्षणात २ लाखांहून अधिक दीर्घिकांचा नकाशा मांडला. दूरच्या शेतकऱ्याने अंगणातला दिवा झाकला, तर त्या नकाशात त्याचाही वाटा आहे.

जानेवारी २०१३मध्ये मात्र उजेड वणव्याचा होता. १३ तारखेला ज्वाळा वेधशाळेवर आल्या. परिसरातली ५३ घरं गेली, राष्ट्रीय उद्यानाचा बहुतेक भाग होरपळला, खगोलशास्त्रज्ञांचं निवासस्थान जळालं. २००३मध्ये कॅनबेराजवळच्या माउंट स्ट्रॉम्लोवर दुर्बिणी भस्मसात झाल्या होत्या. तो धडा घेऊन इथे आधीच तयारी केलेली होती. मोठ्या दुर्बिणी बचावल्या.

वणव्याच्या दहाच दिवस आधी, ३ जानेवारीला, रॉबर्ट मॅकनॉट यांनी याच डोंगरावरून एक नवा धूमकेतू टिपला होता. त्याला वेधशाळेचंच नाव मिळालं. १९ ऑक्टोबर २०१४ला हा ‘सायडिंग स्प्रिंग’ मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला, तेव्हा मंगळाभोवती पोचून महिनाही न झालेलं आपलं मंगळयान तिथेच होतं. धूमकेतूच्या धुळीपासून वाचवण्यासाठी इस्रोने त्याची कक्षेतली जागा अशी बदलली, की ऐन धोक्याच्या वेळी ते मंगळाच्या आडोशाला असावं. ते सुखरूप राहिलं आणि पुढेही कित्येक वर्षं मंगळाची छायाचित्रं पाठवत राहिलं.