कोलीत, साप आणि पाटली

दिवाळीच्या रात्री अंगणातल्या काळोखात एखादं पोर पेटती फुलबाजी गरगर फिरवतं आणि लखलखीत कडं उमटतं. हात थांबला की कडं नाहीसं. ते गेलं कुठे? कुठेच नाही, कारण ते कुठून आलंही नव्हतं. होती ती फिरणारी ठिणगी.

अद्वैत वेदान्ताचे आचार्य गौडपाद यांनी मांडूक्यकारिकेत जगाचा भास समजावताना हाच दाखला दिला आहे, फक्त त्यांच्या हाती जळतं कोलीत होतं. शेवटच्या प्रकरणाचं नावच ‘अलातशांती’, म्हणजे कोलीत स्थिर होणं.

अद्वैताचा दुसरा लाडका दाखला दोरीवरच्या सापाचा. तिन्हीसांजेला गोठ्याकडे निघालेल्या माणसाच्या पायाशी वेटोळं दिसतं. छातीत धस्स होतं, दरदरून घाम फुटतो. कंदील आणला तर निघतं म्हशीचं दावं. साप नव्हता, पण घाम खरा होता! म्हणून वेदान्त्यांनी सत्तेच्या तीन पायऱ्या मानल्या. भासलेला साप प्रातिभासिक. दावं, म्हैस, भूक, सावकाराचं देणं व्यावहारिक. ब्रह्म तेवढं पारमार्थिक. मधली पायरी गाळून ‘सगळी मायाच’ म्हणणारा माणूस शेजाऱ्याच्या दुःखाकडेही पाठ फिरवतो. शंकराचार्यांच्या नावावर ही बेफिकिरी खपवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ज्ञानेश्वर आणखी पुढे गेले. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून झाली, ‘अमृतानुभव’ त्यानंतरचा. त्याच्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानालाच उलटतपासणीसाठी उभं केलं. अज्ञानानं आत्म्याला पुरतं झाकलं, तर ‘हे अज्ञान’ असं ओळखणार कोण? आणि ओळखणारा जागा असेल, तर झाकलं काय?

मग समोर दिसतं ते जग काय? ज्ञानेश्वरांच्या लेखी तो चिद्विलास, चैतन्याचंच फुलणं. सोन्याची पाटली मनगटावर असतानाही सोनंच असते. सोनं पाहायला ती सोनाराकडे आटवावी लागत नाही.

हा विचार पोथीतच राहिला नाही. नेवाशाच्या मंदिरात पैस खांब आहे. याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला, अशी श्रद्धा. आलेला माणूस त्या दगडाला कवेत घेतो, कपाळ टेकवतो. आषाढी वारीत तर नाव-गाव न विचारता लोक एकमेकांच्या पाया पडतात, आणि वाट मागतानाही समोरच्या अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतात.