बंदुकीचा धक्का

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वार्षिकाच्या मराठी विभागात वर्षाऋतू, वाचनाचे महत्त्व अथवा आमची सहल असे विषय यावयाचे, ही जुनी वहिवाट आहे. यंदा बंदुकीवर लिहीत आहे असे सांगताच आमच्या एका सहकारी भगिनींच्या कपाळाला आठी पडली. परंतु मधल्या सुटीत निंबाखाली तुमची जी संभाषणे चालतात ती ज्याच्या कानी पडतात, त्याने हा विषय किती दिवस टाळावा? तेथे क्रिकेटच्या बरोबरीने, किंबहुना काकणभर अधिकच, चर्चा होते ती ‘एम ४१६’ आणि ‘एकेएम’ या दोन रायफलींची. त्या रायफली तुम्ही कोणी पाहिलेल्या नाहीत. त्या आहेत दूरध्वनीच्या पडद्यावर.

पालकांपैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. ‘पबजी’ नावाच्या खेळावर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हे नाव धारण करून परत आला, पुढील वर्षी पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा अवतरला. शंभर खेळाडू विमानातून एका ओसाड प्रदेशात उतरतात, रिकाम्या घरांतून मिळेल ते शस्त्र उचलतात, आणि अखेरीस जो उरेल तो जिंकला. खेळाचे सार इतकेच.

मजा आहे ती शस्त्रांच्या तपशिलात. एम ४१६ ला पाच ठिकाणी जोडसाहित्य बसते : नळीच्या तोंडाशी, पकडीशी, मॅगझिनला, दस्त्याला आणि दुर्बिणीच्या जागी. एकेएमला पकड आणि दस्ता बदलता येत नाही. पहिलीस ‘पाच-छप्पन्न’ची गोळी लागते, दुसरीस ‘सात-बासष्ट’ची. एकेएमची एक गोळी अधिक घाव करते, पण ती रायफल हाताला ऐकत नाही. हे सारे मला नववीच्या एका विद्यार्थ्याने जे न अडखळता सांगितले, ते ऐकून मला त्याच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकेची आठवण झाली आणि किंचित खेदही वाटला. मग त्याला विचारले, “पाच-छप्पन्न म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “सर, गोळीचे नाव.” ते नाव नसून माप आहे, ५.५६ मिलिमीटर, हे त्याला नवीन होते.

नावांमागे इतिहास असतो. खेळातील एम ४१६ ही वास्तविक जर्मनीतील ओबेर्नडॉर्फ गावच्या हेक्लर आणि कॉख या कारखान्याची ‘एचके ४१६’ होय. अमेरिकेच्या एम ४ व एम १६ या दोन रायफलींचे आकडे जोडून ४१६ झाले. फ्रान्सच्या सैन्याने २०१६ मध्ये आपली जुनी रायफल बदलण्यासाठी हिचीच निवड केली. एकेएम ही कलाश्निकोव्हच्या प्रसिद्ध एके-४७ ची सुधारलेली आवृत्ती. १९५९ साली ती आली तेव्हा पोलादी ठोकळा कोरून काढण्याऐवजी पत्रा दाबून तिचा सांगाडा केलेला होता, त्यामुळे ती सुमारे एक किलोने हलकी झाली. म्हणजे खेळात ज्यांस तुम्ही ‘प्रकार’ म्हणता, ते प्रत्यक्षात सैनिकाच्या खांद्यावरचा भार, कारखान्याचा खर्च आणि रणांगणावरील अडचणी यांतून एकामागून एक जन्माला आलेले आहेत.

आता ‘हाताला ऐकत नाही’ याविषयी. नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत आहे. तो पाठ होतो, कळत नाही. म्हणून यंदा मी तो याच दोन रायफलींवर शिकविला. पाच-छप्पन्नची गोळी सुमारे ४ ग्रॅमची, वेग सेकंदास सुमारे ९०० मीटर, रायफल साडेतीन किलोची. गुणाकार-भागाकार केला की रायफल सेकंदास सुमारे १ मीटर वेगाने मागे येते. एकेएमची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, वेग सेकंदास ७१५ मीटर, रायफल ३.१ किलोची. हिचा मागे येण्याचा वेग सुमारे १.८ मीटर. (नळीतून सुटणाऱ्या वायूचा हिशेब येथे सोडला आहे.) रायफल हलकी केली की धक्का वाढतो, हेही याच गणितात दिसते. उत्तर फळ्यावर येताच वर्गात जो गलका झाला, तो माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात कोणत्याही सिद्धांताच्या वाट्यास आलेला नव्हता. मुले जे अंगठ्याने जाणत होती, ते आकड्यांनी खरे ठरले होते. तेव्हा हा खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु त्याच तासाला एक मुलगी म्हणाली, “सर, मग एम ४१६ च चांगली. सगळ्यांनी तीच घ्यावी.” त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले की तसे झाले तर खेळात राम उरणार नाही, म्हणून खेळ करणारे दर काही महिन्यांनी एकीचे बळ थोडे घटवितात, दुसरीचे वाढवितात. मुलाचे म्हणणे बरोबर होते. मला वाटते, खेळातील रायफल आणि खरी रायफल यांतला मुख्य भेद हाच आहे. खेळात न्याय आहे. जिचा घाव मोठा तिचा धक्का मोठा. मेलेला पुढच्या डावात उठून उभा राहतो. खरी रायफल घडविणाऱ्यापुढे दोन्ही पक्षांना समान संधी देण्याचा प्रश्न कधीच नव्हता.

त्याच्यापुढे जो प्रश्न येतो तो निराळाच आहे. मिखाईल कलाश्निकोव्ह डिसेंबर २०१३ मध्ये चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यानंतर काही दिवसांनी, जानेवारी २०१४ मध्ये, त्यांनी रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीच्या प्रमुख धर्माध्यक्षांना लिहिलेले पत्र रशियातील वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले. माझ्या रायफलीने माणसे मेली, तर एक ख्रिस्ती माणूस या नात्याने त्या मृत्यूंचा दोष मजकडे येतो काय, असा त्या पत्राचा आशय होता. हयातभर त्यांनी जाहीरपणे हेच सांगितले होते की मी मातृभूमीच्या रक्षणासाठी शस्त्र केले, त्याचा गैरवापर हे राजकारण्यांचे पाप. मंडळीकडून उत्तर गेले की देशरक्षणासाठी शस्त्र घडविणाऱ्यास मंडळीचा पाठिंबाच असतो. त्या उत्तराने वृद्धाचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही. वर्गात मी ते पत्र सांगितले आणि मत दिले नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही; मग एकाने विचारले, “सर, गोळ्या करणाऱ्यांचे काय?”

त्याने हे का विचारले, हे जळगाव जिल्ह्यातील मनुष्यास सांगावे लागत नाही. पाच-छप्पन्नची खरी काडतुसे याच जिल्ह्यात, भुसावळच्या पलीकडे वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होतात. ऑक्टोबर २०२१ पासून ती पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. ती काडतुसे ज्या इन्सास रायफलीत जातात तिची रचनाही पुण्याच्या संशोधन संस्थेतली. १९९९ च्या कारगिल युद्धात गोठविणाऱ्या थंडीत तिची मॅगझिने तडकू लागली, रायफली अडकू लागल्या. पुढे सुधारणा कराव्या लागल्या. आपल्या भागातील कित्येक घरांचा संसार वरणगावच्या पगारावर चालला आहे, त्यांतील मुले शाळा-महाविद्यालयांत शिकली आहेत. त्या मुलाच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही, आणि येथेही देत नाही.

उत्तरेकडची गोष्ट मात्र स्पष्ट आहे. आपल्या तालुक्याच्या सीमेला लागून सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात, उमर्टी गाव आहे. तेथे चोरून गावठी पिस्तुले घडविली जातात हे चोपड्यात सर्वांस ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याचे पोलीस इतके अंतर तोडून तेथवर गेले आणि भट्ट्या मोडून आले. तेथील प्रत्येक घर गुन्हेगार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पिढीजात लोहारकाम करणाऱ्यांना दुसरे काम कोणी दिले, हाही प्रश्न आहेच. पण पालकहो, आपल्या मुलांच्या हातातील पडद्यापासून खऱ्या पिस्तुलापर्यंतचे अंतर मुंबईच्या मुलापेक्षा येथे कमी आहे. विनापरवाना शस्त्र बनविण्यास व विकण्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मुलाला रायफलींची नावे येतात याची मला भीती नाही. कोणी ‘एक वस्तू दाखवितो, चल’ म्हटले तर तो घरी येऊन सांगेल काय, याची आहे. दूरध्वनी काढून घेतलेल्या मुलापेक्षा, ज्याच्या शेजारी बसून बापाने एक डाव पाहिला आहे तो मुलगा हे सांगण्याचा संभव अधिक, असे माझे मत आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना वर्गात बोलाविले. ते अहिराणीतच बोलले, आणि बरेच झाले. गोळी मारण्याविषयी ते फार थोडे बोलले. प्रशिक्षणात आधी कित्येक आठवडे ती नुसती वाहावयाची, पुसावयाची, उघडावयाची आणि जोडावयाची असते, असे म्हणाले. प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर एक नंबर असतो. त्यांना आपला पहिला नंबर आजही पाठ होता. मुलांनी विचारले, “काका, दुसरी चांगली सापडली की पहिली टाकून देता येते का?” ते हसले आणि म्हणाले की रायफल हरवली तर सारी पलटण ती सापडेपर्यंत झोपत नाही.

त्यांच्याजवळ रायफल अर्थातच नव्हती. तेव्हा आम्ही चार किलो दादर ज्वारी तोलून दोन पिशव्यांत भरली आणि एका काठीस बांधली. इन्सासचे वजन साधारण तितकेच. काठी खांद्याशी धरून नेम स्थिर ठेवावयाचा, हात थरथरला की बाद. निंबाखालचे सारे वीर एक मिनिटाच्या आत गळाले. सर्वांत अधिक वेळ, दोन मिनिटांच्या जवळपास, टिकली ती अडावदकडून रोज सायकलीने येणारी एक विद्यार्थिनी, जिने हा खेळ कधी खेळलेलाच नाही.