भंडाऱ्यातील समुद्र

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, ते समुद्राच्या अगदी काठी. आमचा भंडारा पडला कोहळ्यांनी बांधलेल्या तळ्यांचा जिल्हा! येथे समुद्रातील मासे घरी पाळू इच्छिणाऱ्या गृहस्थास आधी समुद्रच निर्माण करावा लागतो: लिटरभर शुद्ध पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम क्षार. नव्या उपकरणांत फेसयंत्राची युक्ती मोठी नामी. बारीक बुडबुड्यांस मळ चिकटून फेसासह बाहेर पडतो. वैनगंगेच्या गोड्या पाण्यात मात्र तसा फेस धरत नाही. खरी कसोटी वैशाखात. पारा ४५ अंशांकडे धावत असता प्रवाळास सव्वीस अंशांचे पाणी हवे, म्हणून शीतयंत्र अहोरात्र चालू! वीज गेली की काही तासांतच मासे वर येऊन धापा टाकू लागतात. यास्तव या साऱ्या संभारात पहिला मान मी बॅटरीवरील लहानशा हवापंपास देईन.