जुनी मस्टँग आणि वही

चिंचोळी एमआयडीसीत छोटं युनिट चालवणारा माझा मित्र जुनी मस्टँग घ्यायला निघालाय. "आपल्या माणसानं घेतली की लोकांच्या पोटात का दुखतं?" प्रश्न खराच. १९२९ साली चाळीसगावात बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार नव्हते. सवय नसलेल्या आपल्याच माणसानं हाकला, अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा गाडीला नुसती चैन म्हणणाऱ्यांशी मी भांडेन.

पण पाच लिटरचं व्ही-एट इंजिन स्वाभिमानावर नाही, पेट्रोलवर चालतं. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. टायर, विमा, कर्जाचा हप्ता. मी वहीत मांडत गेलो. कामगारांचा पगार कुठल्या ओळीत लिहू, विचारलं. तो गप्प झाला.

"वही राहू दे इथंच," म्हणाला.