ऋणको आणि धनको

'कर्ज' हा शब्द आमच्या घरात नेहमी खालच्या आवाजात उच्चारला गेला. वडिलांची धानाची शेती. सोसायटीचे पीककर्ज उचलायचे, मार्चअखेर फेडायचे आणि पावसाने दगा दिला की पुनर्गठनासाठी हात जोडायचे. अशा माणसाने २००४ साली एनटीपीसीचे २०० समभाग ६२ रुपये दराने का घ्यावेत, हे कोडे आम्हांला कधी सुटले नाही. पुढे त्याच कंपनीचे औष्णिक केंद्र आमच्या मौद्यात उभे राहिले. २०१७ पर्यंत त्याची क्षमता २३२० मेगावॅट झाली. चिमण्यांकडे बोट दाखवून वडील 'आपली कंपनी' म्हणू लागले.

आम्ही पडलो वाङ्मयाचे विद्यार्थी. एकदा ताळेबंदातील 'दीर्घकालीन कर्ज' या ओळीपुढचा हजारो कोटींचा आकडा पाहिला आणि घाबरून 'विकून टाका' असे सांगून मोकळे झालो. वडिलांनी ऐकले नाही.

संदर्भावाचून ओळ वाचू नये, हे आम्ही वर्गात रोज सांगतो. इथे तेच विसरलो होतो. वीजकेंद्राचा दर ठरवताना केंद्रीय वीज नियामक आयोग प्रकल्पखर्चाचे ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल असे गृहीत धरतो. व्याज वीजदरातून वसूल होते, परतफेड घसाऱ्याइतकी धरली जाते. पीककर्ज एका पावसावर उभे असते, तर हे कर्ज वर्षानुवर्षांच्या वीजखरेदी करारांवर. अर्थात करार केलेल्या वितरण कंपन्या वेळेवर पैसे देतात का, हा प्रश्न उरतोच. शिवाय वर्षभरात फेडायचा हप्ता 'चालू दायित्वां'त दाखवतात; केवळ दीर्घकालीन ओळ वाचणाऱ्याला ओझे हलके भासते.

मार्च २०१५ मध्ये कंपनीने प्रत्येक समभागामागे साडेबारा रुपयांचा बोनस कर्जरोखा दिला, व्याज ८.४९ टक्के. "म्हणजे आता मी सावकार झालो का रे?" वडिलांनी विचारले. आम्ही शिक्षकी उत्साहाने समजावले, की ही भेट नव्हे. राखीव निधी भागधारकांचाच. तो १०,३०० कोटींहून अधिक घटला आणि कर्ज तेवढेच वाढले. कंपनीच्या तिजोरीत नवा पैसा आला नाही, फक्त तुमच्या मालकीतला एक तुकडा तुमच्या येण्यात बदलला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यानंतर दरवर्षी जमा होणाऱ्या २१२ रुपयांची नोंद ते पासबुकात पेन्सिलीने अधोरेखित करीत. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा आम्ही किती वर्षे शिकवली. पण जन्मभर ऋणको राहिलेल्या माणसाला धनको होणे कसे वाटत असेल, हे त्या पेन्सिलीच्या रेघेपर्यंत मनात आले नव्हते. (डीमॅटच्या काळात बुडवायला कागदही उरलेला नाही, ही गोष्ट वेगळी.)

वडील २०२१ मध्ये गेले. मुद्दलाचे तीन हप्ते २०२३, २०२४ आणि २०२५ च्या मार्चमध्ये आमच्या खात्यात आले : ५००, १०००, १०००. शेवटच्या हप्त्यानंतर डीमॅटच्या विवरणातून ती ओळ नाहीशी झाली. समभाग आहेत, ते आम्ही विकलेले नाहीत.