जीर्ण नौकेची परीक्षा

तंजावरहून पट्टुकोट्टैमार्गे दक्षिणेकडे निघाले की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचे रूप हळूहळू पालटू लागते. भातखाचरे विरळ होतात, ग्रँड अनिकट कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या नारळबागा लागतात, आणि अखेरीस पाल्कच्या उपसागराचा उथळ, गाळाचा किनारा समोर येतो. येथेच दुसऱ्या सरफोजी राजांनी १८१४-१५ साली बांधविलेला मनोरा हा षट्कोनी, आठ मजली बुरूज उभा आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक. विजय परक्यांचा, भूमी तमिळांची आणि शिलालेखांच्या भाषांत एक मराठी, असा हा विलक्षण योग आहे. जवळच मल्लिपट्टिनम हे मासेमारीचे बंदर आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे वेदारण्यमच्या बाजूने जमिनीवर आलेल्या गजा चक्रीवादळाने या बंदरातील यांत्रिक नौका एकमेकींवर आपटून फोडल्या आणि मागच्या नारळबागा मुळासकट आडव्या केल्या.

त्या नौकांपैकी काही दुरुस्त झाल्या, काही मोडीत निघाल्या. एक मात्र दोहोंपैकी कोणत्याच वाटेला न जाता खाडीकाठच्या चिखलात कललेली राहिली. मालक वृद्ध होता. तिला मोडावे असे त्याला वाटत नव्हते आणि दुरुस्तीसाठी हाती पैसा नव्हता. सहा पावसाळे असे गेल्यावर, मासेमारीबंदीच्या काळात, त्याच्या मुलाने नौका बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावून आणले. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो आणि डागडुजीचा हंगामही तोच. मुलगा त्याला ‘मेस्त्री’ म्हणत होता. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषांत सारख्याच आदराने नांदतो.

मेस्त्रींनी प्रथम नौकेला हात लावला नाही. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत त्यांनी एक सूत ताणून धरायला लावले. नौकेचा कणा, कोकणातील दर्यावर्दी ज्याला पठाण म्हणतात तो, सरळ आहे की मध्ये उचलून दोन्ही टोकांना खचला आहे, हे सूत सांगते. मग मोगरी घेऊन ते फळीफळीवर ठोके देत चालले. निरोगी सागाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बसका. जेथे शंका आली तेथे त्यांनी आर टोचली. लोखंडी खिळ्यांभोवतीचे लाकूड गंजाने काळे व मऊ झाले होते. पाण्याखाली राहिलेल्या भागात सागरी किडीने बोगदे पाडले होते. उन्हात सुकून सांधे उघडले होते आणि त्यांत ठासलेल्या कापसाच्या वाती लोंबत होत्या. इंजिनाचे चाक दोघांनी जोर लावूनही हलले नाही. तळाचे वंगणतेल दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजे पाणी आत शिरले होते.

परंतु सर्वांत वाईट जागा निघाली ती वर, तक्तपोशीखाली. तेथे आर मुठीपर्यंत आत गेली. समुद्राचे खारे पाणी लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला आवर घालते, पावसाचे गोडे पाणी तिला पोसते. या प्रदेशात मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. सहा हिवाळी पावसाळ्यांचे पाणी नौकेत साचले आणि ते उपसायला कोणी आले नाही. मेस्त्री एवढेच म्हणाले, “वादळानं हिची कूस फोडली होती. तेवढं महिनाभराचं काम होतं. मारलं तिला नंतरच्या पाण्यानं.” वृद्ध मालक खाली पाहत राहिला.

जीर्णोद्धार हा आपल्याकडे पुण्यकर्मांत गणला गेलेला शब्द आहे. त्यामुळेच तो उच्चारताना विवेक सुटण्याचा संभव अधिक. जुने ते वाचवावे ही भावना उदात्त असली, तरी काय वाचले आहे याची परीक्षा तिने आधी केली पाहिजे. तंजावरच्या सरस्वती महालात ताडपत्रे हाताळणाऱ्यांना हे ठाऊक असते. गवती चहाच्या वर्गातील तेल वेळोवेळी लावले, तर पान लवचिक राहते. एकदा ठिसूळ झालेल्या पानाला केवळ आदराने बळ येत नाही. पाठचिकित्सकही गळालेल्या अक्षरांच्या जागी आपली अक्षरे घालून ‘मूळ पाठ सापडला’ असे म्हणत नाही. तो रिकामी जागा दाखवितो. दगडाचा मनोरा दोन शतके उभा राहू शकतो. लाकूड आणि ताडपत्र यांना मात्र दर वर्षी कोणाचा तरी हात लागावा लागतो. भाषेचेही याहून वेगळे नाही, हे तंजावरच्या मराठी घरांना सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न मुलाने विचारला: दुरुस्त करायची ती कोणत्या कामासाठी? १९५३ मध्ये केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पानंतर यांत्रिक नौका दक्षिणेच्या किनाऱ्यांवर पसरल्या आणि कोळंबीसाठी समुद्रतळ खरवडणारी ओढजाळी रूढ झाली. पाल्कच्या उथळ पाण्याला ती सोसली नाहीत. २०१७ साली केंद्र व राज्य सरकारांनी येथील २,००० ओढजाळी नौकांऐवजी खोल समुद्रातील नौका आणण्याची योजना आखली. म्हणजे जुन्या रूपात उभी राहिली, तरी ही नौका ज्या धंद्यात परतणार तोच धंदा आता जीर्ण झाला होता.

मेस्त्रींनी खडू मागितला. जी फळी चांगली तिच्यावर उभी रेघ, जी गेली तिच्यावर फुली, असे करीत त्यांनी नौकेला फेरी घातली. मागच्या अर्ध्या भागात बहुतेक फुल्याच होत्या. सुतानुसार कणा दोन बोटे वाकला होता. तो जाळ्याचा ताण घेणार नव्हता. “उभी करता येईल,” ते म्हणाले, “पण उभी राहील ती नवी नौका, जुन्या नावाची. पैसाही नव्या नौकेचाच लागेल. रेघेच्या फळ्या काढा. किनाऱ्याजवळच्या लहान होडीला पुरतील.”

मुलाने मान डोलावली. बराच वेळ न बोललेल्या वृद्धाने मग नौकेभोवती स्वतः एक फेरी घातली आणि हाताने चाचपून रेघा मोजल्या. त्या एकोणीस भरल्या. पाऊस यायच्या आत त्या काढून छपराखाली ठेवा, एवढेच त्याने मुलाला सांगितले.