रिग्बी आणि रेमिंग्टन

अमेरिकेंतील तुल्सा शहरीं जुन्या-नव्या बंदुकांचा मोठा बाजार भरतो. तो पाहण्याचा योग आम्हांस गतवर्षीं आला. हजारों मेजें मांडलेलीं! आमचा शोध होता नेमबाजीच्या शर्यतींतील जुन्या रायफलींचा. दुपारपर्यंत पायपिटीवांचून कांहीं पदरीं पडलें नाहीं.

शेवटीं एका वृद्ध गृहस्थाच्या मेजावर दोन रायफली शेजारीं ठेवलेल्या दिसल्या. एक डब्लिनच्या रिग्बीची, ठासणीची. दुसरी अमेरिकन रेमिंग्टन, मागून काडतूस भरावयाची. ह्याच दोन जातींचा सामना २६ सप्टेंबर १८७४ रोजीं न्यूयॉर्कनजीक क्रीडमूरच्या मैदानावर झाला होता. सहा आयरिश विरुद्ध सहा अमेरिकन; अंतर ८००, ९०० व १००० यार्ड. मिल्नर नांवाच्या आयरिश गड्यानें दुसऱ्याच निशाणाचा मध्य वेधला आणि ४ गुण बुडाले! उलट, बाटली फुटून हात रक्तबंबाळ झालेल्या बोडाइननें शेवटची गोळी अचूक मारली. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. हा मागून भरावयाच्या बंदुकीचा विजय असें लोक म्हणाले. आम्हांस तें पटत नाहीं. तीन गुणांनीं बंदुकीची परीक्षा कसली होते?

एक तरुण ग्राहक एकटी रेमिंग्टन मागत होता. त्यानें किंमत दोनदां वाढविली. म्हातारा म्हणाला, "दुसरी जवळ नसेल तर ही कोणाला जिंकली, हें कोण सांगणार?"

ग्राहक निघून गेला. म्हाताऱ्यानें तेलाच्या फडक्यानें नळी पुसून रिग्बी आमच्या हातीं दिली. चांगलीच जड होती. माशी मात्र अगदीं नाजूक.